निकाल भाऊनं द्यायचा

संघाच्या बैठकीत भाऊ शब्द देऊन बसला होता, आणि आता तो शब्द त्याच्या मानगुटीवर बसला होता. काचेच्या बाटल्या बनवणारे सगळे कारखानदार जमले होते. परदेशातून येणाऱ्या स्वस्त बाटल्यांच्या नावानं बोटं मोडून झाली होती. सरकारनं त्यांच्यावर जादा आयातकर लावावा, असा अर्ज करायचं ठरत होतं, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, अर्ज टिकेल याची खात्री काय? तेव्हा भाऊ उभा राहिला.

"ती काळजी माझ्यावर सोडा," तो म्हणाला. "अर्ज ज्याच्यापुढे जाणार, तो अधिकारी माझ्या बहिणीचा विद्यार्थी आहे."

टाळ्या पडल्या. आबांकडून कारखाना हातात घेतल्यापासून भाऊच्या वाट्याला एवढ्या टाळ्या कधी आल्या नव्हत्या, त्यामुळे त्या गोडही लागल्या. घरी पोचेपर्यंत मात्र ती गोडी उतरली. कारण बहीण म्हणजे ताई. तिच्याकडे माया मागितली तर ओंजळीनं मिळे. सवलत मागितली तर चिमूटभरही नाही.

आबांनी कारखाना दोन्ही मुलांच्या हाती दिला होता आणि मुलीला हवं तेवढं शिकू दिलं होतं. ती शिकत राहिली, सरकारी नोकरीत शिरली, देशादेशांच्या व्यापाराच्या वाटाघाटींना जाऊन आली, आणि ऐन बढतीच्या वेळी खुर्ची सोडून अधिकाऱ्यांना शिकवायला लागली. घरादारानं कपाळाला हात लावला. भाऊ तर तिच्या कामाला 'ताईच्या शिकवण्या' म्हणायचा. एवढ्या वर्षांत त्या शिकवण्या असतात कशा, हे पाहायला तो एकदाही गेला नव्हता. आता अडला हरी म्हणून का होईना, तो निघाला.

प्रशिक्षण संस्थेच्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडलेली होती. प्रत्येकापुढे पुठ्ठ्याची पाटी होती आणि तिच्यावर नावाऐवजी खात्याचं नाव: कस्टम्स, शेती, मत्स्य, औषधं, वजनं-मापं. शिपायानं भाऊला मागच्या खुर्चीवर बसवलं. ताईनं त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि वर्ग पुढे चालू ठेवला.

वजनं-मापं खात्यातला एक उमदा अधिकारी आपण तयार केलेला नियम वाचून दाखवत होता. परदेशातून येणारा प्रत्येक विजेचा दिवा सरकारी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय बाजारात जाऊ द्यायचा नाही. ताईनं विचारलं की देशात बनलेल्या दिव्यांचं काय. तो म्हणाला, ते तर आपलेच आहेत, मॅडम.

"देशी दिव्याचा शॉक बसला तर माणूस कमी मरतो?" ताईनं विचारलं.

हॉलमध्ये हशा पिकला. ताई मात्र हसली नाही. तिनं सांगितलं की तपासणी हवीच, कडकही हवी, पण दोघांना सारखी हवी. जगातल्या व्यापाराचे करार हजारो पानांचे आहेत, आणि त्यांतल्या एका मोठ्या नियमाचं सार आपल्या आजीला तोंडपाठ होतं: आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करायचं नाही. मग तिनं त्या अधिकाऱ्याला उठवून पलीकडच्या खुर्चीत बसवलं. आता तुम्ही दिवे विकणारा परदेश, ती म्हणाली, आणि तुमचाच नियम तुम्हाला लागू झालाय, बोला.

तो अडखळला, मग बोलू लागला, पण खरी बोलली ती त्याच्या शेजारची मत्स्य खात्यातली बाई. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं म्हणे. खाली बघतच तिनं सांगितलं की गेल्या साली आपली मासळी परदेशी बंदरात अशाच एका तपासणीसाठी अडवून ठेवली होती. त्यांच्या स्वतःच्या मासळीला ती तपासणी नव्हती. आपली मासळी तिथंच कुजली. होड्यांवरच्या बायका तिच्या कार्यालयात येऊन बसल्या, आणि त्यांना काय सांगावं ते तिला कळेना, कारण तक्रार कुठल्या नियमाखाली करायची हेच तिच्या खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

 ताईनं त्यावर काही समजावलं नाही. नुसती दिव्यांच्या अधिकाऱ्याकडे वळून उभी राहिली. त्यानं पेन काढलं, आपल्याच नियमातले 'परदेशातून येणारा' हे शब्द खोडले आणि कागद पुढे सरकवला.

भाऊ खुर्चीत सावरून बसला. ताईनं त्या माणसाला चूक म्हटलंच नव्हतं. भाऊनं आयुष्यभर कामगारांवर आवाज चढवला होता, आणि त्यांतल्या किती जणांनी असं आपल्या हातानं काही खोडलं होतं, हे त्याला आठवेना.

चहाच्या सुट्टीत एक करड्या केसांचा माणूस आला. पुढच्या तासाला तोच बोलणार होता. ताई कपबशी घेऊन बसेपर्यंत तो उभाच राहिला. शिपायाकडून कळलं की हाच तो तपास अधिकारी, ज्याच्यापुढे बाटल्यांचा अर्ज जाणार होता. भाऊनं मनात हिशेब मांडला: ताईचा एक शब्द पुरे.

तिच्या खोलीत दार लावून त्यानं सगळं सांगितलं. परदेशी कारखानदार स्वतःच्या देशात चढ्या भावानं विकतात आणि तोच माल इथे कवडीमोलानं ओततात. इथली एक पाळी बंद करावी लागली. माणसं घरी बसली. आबा या वयात रोज विचारतात. तिनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"अर्ज टिकेल असं तुला वाटतं?" तिनं शेवटी विचारलं.

"ते वाटलं असतं तर तुझ्याकडे आलो असतो का?"

बोलून गेल्यावर भाऊनं जीभ चावली.  आपण त्या अधिकाऱ्याशी या विषयावर अवाक्षर बोलणार नाही, असं ताईनं सांगितलं. भाऊ चिडला. रक्ताचं नातं, घराचं नाव, आबांचे कष्ट, सगळं एका दमात काढून झालं. लोकांना शहाणपण शिकवतेस आणि घरचे बुडताना काठावर उभी राहतेस, इथपर्यंत गाडी गेली. ताईनं पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला.

"रविवारी येते मी," ती म्हणाली. "सगळे घरी थांबा. अर्जाचा कागद मात्र टेबलावर नको, तो मी बघणार नाही. वर्गात कुणालाही जे शिकवते, तेच तुम्हाला शिकवीन."

रविवारी जेवणं उरकल्यावर ताईनं टेबल पुसून घेतलं आणि सगळ्यांना बसवलं. आबा खिडकीशी त्यांच्या खुर्चीत. टेबलाशी भाऊ, भाऊची बायको, विक्री सांभाळणारा धाकटा भाऊ, आणि भाऊची लेक, जिला घरात सगळे ठिणगी म्हणत. ती काचेचं शास्त्र शिकून आली होती, कारखान्यात भट्टी बघत होती, आणि नवी भट्टी बांधा म्हणून दोन वर्षं बापाच्या मागे लागली होती. जुनी भट्टी आबांनी उभी केलेली. तिला हात लावायचा म्हणजे आबांना हात लावण्यासारखं, असं भाऊचं म्हणणं. बापलेकीत या एका गोष्टीवरून बोलणं जवळपास बंद होतं. अर्जाच्या बाजूनं घरात भाऊ आणि धाकटा, विरोधात ठिणगी, आणि दोन्हीकडून ऐकून घ्यायला भाऊची बायको, अशी वाटणी होऊन बसली होती.

ताईनं ती वाटणी एका फटक्यात मोडली. ठिणगीला म्हणाली, तू अर्जदार, अर्ज जिंकायची जबाबदारी तुझी. भाऊच्या बायकोला परदेशी बाटल्या आणणारी व्यापारी केलं. धाकट्याला औषधाच्या कंपनीचा मालक केलं, जो पूर्वी या कारखान्याच्या बाटल्या घ्यायचा आणि आता परदेशी घेतो.

"आणि मी?" भाऊनं विचारलं.

"तू अधिकारी. निकाल तू द्यायचा."

भाऊला हसू आलं. आपलाच खटला आणि आपणच न्यायाधीश, यात अवघड काय? ताईनं त्याला तीन प्रश्न सांगितले. माल खरंच त्यांच्या घरच्या भावापेक्षा स्वस्तात इथे ओतला जातोय का? इथल्या कारखान्याचं खरंच नुकसान झालंय का? आणि ते नुकसान त्या मालामुळंच झालंय का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी आली तरच कर लागतो. तिसऱ्याशी पोचेपर्यंत बहुतेकांचा दम संपतो, ती म्हणाली. नाचणारी पडली हे खरं, अंगण वाकडं हेही खरं, पण ती अंगणामुळंच पडली का, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

ठिणगी उभी राहिली. काकानं आणि बापानं डोळे मिचकावले होते, कारण पोरगी आपल्या बाजूनं मनापासून बोलणार नाही, याची दोघांना खात्री होती. पण तिला वाकडंतिकडं करताच येत नसे. परदेशातल्या दुकानात तीच बाटली कितीला मिळते आणि इथे कितीला उतरते, ते तिनं मांडलं. बंद पडलेल्या पाळीतली माणसं कोण होती, ते सांगितलं. वितळलेल्या काचेचा थेंब नुसत्या रंगावरून ओळखणारा माणूस आता गोदामात पहारा करतो, असं तिनं सांगितलं. एकदा इथल्या भट्ट्या विझल्या की परदेशी भाव दुसऱ्या दिवशी चढतील, मग रडायलाही कुणी उरणार नाही, ती म्हणाली. भाऊ तिच्याकडे बघत राहिला. त्याची बाजू त्याला स्वतःला कधी इतकी चांगली मांडता आली नव्हती. दोन वर्षं आपण हिच्याशी धड बोललो नाही, हे त्याला त्या क्षणी फार लागलं.

मग त्याची बायको उभी राहिली. आयुष्यभर कारखान्याच्या बोलण्यात ती गप्प असायची. आज तिनं पदर खोचला आणि "साहेब" म्हणून नवऱ्याला जी हाक मारली, तिनं धाकट्याला ठसका लागला. भाव स्वस्त आहे हे मान्य, साहेब, ती म्हणाली. नुकसान झालं हेही मान्य. आपल्याला फक्त एकच विचारायचंय.

"तुमचं गिऱ्हाईक आधी गेलं की माझा माल आधी आला?"

 ठिणगीला उत्तर ठाऊक होतं, आणि अर्जदार म्हणून ते द्यायचं नव्हतं. ती म्हणाली की दोन्ही साधारण एकदमच. ताई मध्ये पडली नाही. भाऊची बायको वळली आणि तिनं धाकट्याला साक्षीला बोलावलं.

धाकटा सुरुवातीला थट्टेवारी बोलला. औषधवाल्याचा आवाज काढला, मिशी नसताना मिशीवर हात फिरवला. पण बोलता बोलता थट्टा गळून पडली. तो म्हणाला की बाटल्या वेळेवर मिळत नव्हत्या. आज भट्टी तापत नाही, उद्या भट्टीचा विटांचा थर खचला. आल्या तर गळे सारखे नसत. झाकण बसत नसे, सिरप पाझरे, खोक्यांना मुंग्या लागत. मी माणूस पाठवला, फोन केले, स्वतः येऊन उभा राहिलो. परदेशी बाटलीचं नावसुद्धा तेव्हा बाजारात कुणी घेत नव्हतं.

"मी सोडून जायच्या आधी सांगितलं होतं," तो म्हणाला. "कुणी ऐकलं नाही."

टेबलाशी सगळ्यांना कळलं की हे औषधवाला बोलत नाहीये. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन धाकटा संध्याकाळी घरी यायचा, थोरल्याला सांगायला जायचा, आणि 'विकता येत नाही म्हणून मालाला नावं ठेवतोस' हे ऐकून परत यायचा. त्यानं थोरल्याच्या पुढे आवाज कधी चढवला नव्हता. आजही चढवला नाही. फक्त बोलून झाल्यावर खाली बसला आणि टेबलाची कड नखानं खरवडू लागला.

ताई भाऊकडे वळली. "साहेब, निकाल."

भाऊनं वेळ मागितला. उठून तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. भाऊ म्हणून उत्तर सोपं होतं. पण खुर्ची भाऊची नव्हती. त्या खुर्चीतून समोर पाहिलं तर लेक दिसत होती, जिनं स्वतःला न पटणारी बाजू प्राणपणानं लढवली होती. बायको दिसत होती, जिनं एका प्रश्नात त्याचा सगळा अर्ज उलगडून ठेवला होता. आणि धाकटा दिसत होता. मत्स्य खात्यातली बाई जशी खाली बघून बोलली होती, अगदी तसाच बसलेला.

"माल स्वस्तात ओतला जातोय, हे सिद्ध झालं," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "नुकसान झालं, हेही झालं. पण गिऱ्हाईक आधी गेलं, आणि ते भट्टीमुळं गेलं. परदेशी माल मागून आला आणि रिकाम्या जागेत बसला. भट्टीनं केलेलं नुकसान त्याच्या माथी मारता येत नाही." तो थांबला. "अर्ज फेटाळला."

 खिडकीशी आबांनी मान वळवली होती आणि ते मुलाकडे बघत होते. ठिणगीचे डोळे भरून आले होते, आणि खटला हरल्यामुळं की जिंकल्यामुळं हे तिलाही सांगता आलं नसतं. ताईनं हळूच सांगितलं की वर्गात पुढचा प्रश्न असा असतो: अर्ज फेटाळल्यावर कारखान्यानं करायचं काय? पण तो प्रश्न सरकारचा नाही, घराचा आहे. तेव्हा मी निघते.

भाऊ तिला सोडायला खाली गेला.  फाटकाशी आल्यावर त्यानं विचारलंच.

"ताई, तू त्याला फोन केला असतास, तर त्यानं तुझं ऐकलं असतं?"

"ऐकलं असतं," ताई म्हणाली. "म्हणूनच केला नाही."

 तिनं पर्स खांद्यावर नीट केली. म्हणाली, या देशाच्या प्रत्येक खात्यात माझे विद्यार्थी बसलेत. समोरच्याच्या खुर्चीत बसून बघा, एवढंच मी त्यांना आयुष्यभर सांगत आले. भावासाठी एक फोन केला असता, तर त्या सगळ्यांना कळलं असतं की बाई वर्गात एक बोलतात आणि घरी एक करतात. मग मत्स्य खात्यातल्या त्या बाईनं कुणाच्या भरवशावर परदेशाशी भांडायचं?

यावर भाऊला काही बोलायचं होतं. वर्षानुवर्षं तो ज्याला शिकवण्या म्हणत आला होता, त्या शब्दाबद्दलच काहीतरी. पण शब्द जुळेनात. त्यानं फक्त तिची छत्री तिच्या हातातून घेतली आणि गाडीपर्यंत धरली, ऊन नव्हतं की पाऊस नव्हता, तरी. ताईनं ती धरू दिली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्यानं तिथूनच संघाच्या अध्यक्षांना फोन लावला. सांगितलं की अर्जातून आपला कारखाना वगळा. ज्यांच्या भट्ट्या धड आहेत आणि ज्यांचं गिऱ्हाईक खरोखर परदेशी मालानंच पळवलंय, त्यांनी अर्ज करावा, त्यांचा टिकेल. अध्यक्षांनी विचारलं की बहिणीनं नकार दिला का. भाऊ म्हणाला, "नाही. निकाल मीच दिला." अध्यक्षांनी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. टाळ्या तर नाहीच नाही. भाऊला त्याचं काही वाटलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

वर आला तेव्हा टेबलाशी निराळंच चित्र होतं. आबा खिडकी सोडून ठिणगीच्या शेजारी येऊन बसले होते. ती बोटानं टेबलावर नव्या भट्टीचा आकार काढून दाखवत होती. ज्वाला कुठून शिरते, उष्णता परत कशी वापरता येते, जुनी विझवून नवी तापवेपर्यंत धाकट्यानं गिऱ्हाइकांना कसं सांभाळायचं. धाकटा मान हलवत होता आणि मध्येच आपलं घालत होता, आणि भाऊची बायको त्याला 'तुम्ही आधी ऐकून घ्या' म्हणून दटावत होती. भाऊ खुर्ची ओढून बसला. आपण काही बोलावं असं कुणाला वाटत नाहीये, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो ऐकत राहिला.

बऱ्याच वेळानं आबांनी हात वर केला. सगळे थांबले.

"ताईला पुढच्या रविवारी पुन्हा बोलवा," आबा म्हणाले. "नव्या भट्टीची सुनावणी व्हायची राहिलीय. विरोधात मी बोलणार."

ठिणगी हसली. "आबा, तुम्ही तर खरोखरच विरोधात आहात. आत्याच्या नियमानं तुम्हाला भट्टीच्या बाजूनं बोलावं लागेल."

म्हातारा विचारात पडला. आपण विटेवर वीट रचून उभी केलेली भट्टी विझवा, असं त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागणार होतं.  आबांनी टेबलावरच्या, कुणालाही न दिसणाऱ्या त्या चित्रावर हात ठेवला आणि खुर्ची नातीच्या आणखी जवळ ओढली.

"मग पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "नीट सांग. मला हरायला आवडत नाही."